जू काय म्हणतंय?

अमेरिकेत येऊन बस्तान बसलं की मराठी माणसाला ठराविक क्रमाने ठराविक व्याधी जडतात. आधी जुनी कोरोला, मग ग्रीन कार्ड, मग घर, मग घराचं बेसमेंट 'फिनिश' करण्याचा ध्यास आणि शेवटी हिरवळीची काळजी. ह्यातूनही जो वाचतो तो मंडळाच्या कार्यकारिणीत सापडतो. मी २००१ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.एस. करायला आलो आणि ह्या सगळ्या व्याधी यथासांग भोगून चाळिशीला टेकलो. तेव्हा मला एक नवीनच रोग जडला. ट्रॅव्हल ट्रेलरचा!

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं वन रूम किचन. आत पलंग, शेगडी, फ्रीज, मोरी, सगळं. फक्त इंजिन नाही. ते आपण पुरवायचं. आमचा ट्रेलर सव्वीस फुटी होता आणि तो ओढायला आमच्याकडे एअर सस्पेन्शनची एस.यू.व्ही. होती. ती मी घेतली ते साल २०१७. विक्रेत्याने सांगितलं, "ही सात हजार सातशे पौंड ओढते." ट्रेलरचं रिकामं वजन पाच हजार चारशे. इंजिनिअर माणूस, मनात वजाबाकी केली. तेवीसशे पौंड शिल्लक! मला वाटलं, अजून एखादी म्हैससुद्धा बांधता येईल मागे.

त्याच वर्षी आई गेली.

अण्णा वाईजवळच्या गावी एकटे राहिले. मी दर रविवारी फोन करायचो. "कसे आहात?" "मी बरा आहे. तू काळजी करू नकोस." बस्स, एवढंच. आवाज खणखणीत, तक्रार शून्य. मी समाधानाने फोन ठेवायचो. २०१८ च्या उन्हाळ्यात आग्रह करकरून त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे डेन्व्हरला आणलं आणि ठरवलं की ट्रेलर घेऊन त्यांना ग्रँड टीटनचे डोंगर आणि यलोस्टोन दाखवायचं. त्यांचं वय तेव्हा एकाहत्तर.

अण्णांची थोडी ओळख करून द्यायला हवी. तीसेक वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, २००५ साली निवृत्त झाले. शिक्षण जुनी मॅट्रिक. पण पसरणीचा घाट चढताना एस.टी.च्या नुसत्या आवाजावरून "हिचा मागचा पाटा तुटलाय" असं सांगायचे. त्याच्याही आधी, लहानपणी, वडिलांबरोबर बैलगाडीने कारखान्याला ऊस घालायचे. म्हणजे ओझं ओढण्याच्या धंद्यातली त्यांची पदवी माझ्यापेक्षा पुष्कळ जुनी होती. फक्त ती भिंतीवर फ्रेम करून लावलेली नव्हती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्राइव्हवेमध्ये मी ट्रेलर जोडला. ट्रेलरच्या पुढच्या दांडीला इंग्रजीत 'टंग' म्हणतात, म्हणजे जीभ. ती गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसते. बसली की साहजिकच गाडीचं बूड खाली जातं. आमचंही दोन इंच खाली गेलं. मग कॉम्प्रेसर 'घुर्रर्र' असा घुमला आणि जणू कोणी अदृश्य हाताने उचलावं तसं गाडीचं बूड आपोआप वर आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या शेजाऱ्याने अंगठा दाखवला. मी गॅरेजमधून पाणसळ आणली आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये!

"बघा अण्णा, एकदम लेव्हल," मी म्हणालो.

अण्णा ट्रेलरभोवती प्रदक्षिणा घालून आले. वाकून चाकं पाहिली. मागच्या बंपरवर बांधलेल्या दोन सायकली पाहिल्या. मागच्या बंकखाली काय काय भरलंय ते विचारलं. मग म्हणाले, "चाकाच्या मागं लई भरलंस. उलाळ होईल."

उलाळ! हा शब्द मी पंचवीस-तीस वर्षांत ऐकला नव्हता. बैलगाडीला दोनच चाकं. ओझं चाकांच्या मागे जास्त झालं की गाडी मागे उलळते, पुढची दांडी वर येते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त झालं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि बैल बसतात. म्हणून जाणता गाडीवान असं भरतो की जू मानेवर नीट टेकलेलं राहील, पण मान मोडणार नाही.

"अण्णा, ही बैलगाडी नव्हे," मी जरा हसूनच म्हणालो. "हिला एअर सस्पेन्शन आहे. सगळं आपोआप सांभाळते. पाणसळ बघा ना."

"लेव्हल आहे रे. पण ती तुझ्या त्या फुग्यांनी धरलीय. जू काय म्हणतंय?"

त्यांना हे फुगे नवे नव्हते. शिवनेरीच्या व्होल्वो गाड्यांनाही हवेचीच सस्पेन्शन असते हे मला त्यांनीच पूर्वी सांगितलं होतं. पण मी एम.एस. झालेला. तेही कशात? तर कंपनांच्या विषयात! मी विषय बदलला. सौ.ने मात्र विचारलं, "हे सगळं तू मोजलंयस ना?" मी म्हटलं, "हो."

खरं म्हणजे मी हिशोब केला होता. मोजलं नव्हतं. ह्या दोन क्रियापदांमध्ये किती अंतर आहे ते मला पुढे कळलं.

हिशोब असा होता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भरू नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचा आकडा होता १,३८५. आता ह्या १,३८५ मध्ये कोण कोण बसतं पाहा. मी, सौ., अण्णा, बारा वर्षांची कन्या, आठ वर्षांचे चिरंजीव, डिकीतलं सामान, हिचचं लोखंड, आणि ट्रेलरची ती जीभ! ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जिभेवर असावा असा नियम आहे. सामान-पाणी भरून ट्रेलर साडेसहा हजार पौंडांचा होत होता. त्याचे बारा टक्के म्हणजे ७८०. पण आम्ही पाचजण बसल्यावर स्टिकरात जागा उरत होती जेमतेम ६०० ची.

जाहिरातीतला सात हजार सातशेचा आकडा खोटा नसतो. पण तो काढताना गाडीत दीडशे पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. आपल्याकडे आजोबा, मुलं, वीस पौंडांची तांदळाची पिशवी, कुकर आणि मिक्सर हे सगळं कुटुंबाचा भाग असतं हे त्या हिशोबात कोणी धरत नाही.

मग इंजिनिअरने काय करावं? जिभेवरचा भार कमी करायला मी सामान मागे सरकवलं. तांदूळ, कणीक, कुकर, डबे मागच्या बंकखाली. सायकली मागच्या बंपरवर. पाण्याची चाळीस गॅलनची टाकी मागेच होती, ती काठोकाठ भरली. पाणी दिसलं की भरून ठेवायचं ही वाडवडिलांची सवय. गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर, म्हणजे नुसतं पाणीच तीनशे तीसहून अधिक पौंड. ट्रेलरबरोबर भार पुढे सारणाऱ्या दोन जाड पोलादी दांड्याही मिळाल्या होत्या. पण विकणारा म्हणाला होता, "एअर सस्पेन्शन आहे ना? मग ह्यांची गरज नाही." म्हणून त्यासुद्धा 'कधी लागल्याच तर' म्हणून मागच्या बंकखाली! कागदावर जिभेचा भार ५९० आला. स्टिकरही खूश, मीही खूश.

दुसऱ्या दिवशी निघालो. फोर्ट कॉलिन्सवरून २८७ नंबरच्या रस्त्याने लॅरमी, आणि तिथून आय-८० ने पश्चिमेला रॉलिन्सकडे. हा साधारण शंभर मैलांचा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जुना ३० नंबरचा रस्ता उत्तरेकडून मेडिसिन बोवरून वळसा घालून जातो. १९७० साली नवा हायवे एल्क माउंटनच्या पायथ्याने सरळ काढला, तेव्हा इथल्या जुन्या माणसांनी बजावलं होतं म्हणे की तिथे वारा तुम्हाला जगू देणार नाही. म्हाताऱ्यांचं न ऐकण्याची परंपरा फक्त आमच्याच घरात नाही, एवढाच त्यातला दिलासा.

आर्लिंग्टन मागे पडलं. डावीकडे एल्क माउंटन. वारा अंगावर येत होता, पण गाडी इतकी गुळगुळीत चालली होती की मागे तीन टन घर आहे हे विसरायला व्हावं. मी सत्तरवर होतो. आमच्या ट्रेलरचे टायर पासष्टपर्यंतचेच होते हे माहीत होतं. तरी सत्तर. पुढे थोडा उतार होता आणि मागून एक अठरा चाकी ट्रक डावीकडून पुढे जायला लागला.

ट्रकच्या तोंडाशी हवेची एक भिंत असते. तिने ट्रेलरला आधी बाहेर ढकललं. ट्रक पुढे सरकला तसं आत ओढलं. ट्रेलर एकदा डावीकडे झुलला, एकदा उजवीकडे. मी वाट पाहिली की आता थांबेल. थांबला नाही. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. एकदा डाव्या आरशात ट्रेलरची अख्खी बाजू दिसली, पुढच्या क्षणी उजव्या आरशात. स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं हलकं झालं. मागून कन्येची किंकाळी आली. माझा पाय ब्रेककडे निघाला.

"ब्रेक नको! रेस सोड! सरळ धर!"

अण्णा शेजारी बसले होते. आवाज वर्कशॉपमधला. मी पाय उचलला. स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. झोक्याच्या उलट फिरवण्याचा मोह होत होता, तो कसा आवरला देव जाणे. आणि त्याच क्षणी मला आठवलं की गुडघ्याजवळच्या कंट्रोलरवर फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायची एक खिट्टी असते. ती दाबली. ट्रेलरने मागून हिसका दिला, दोर ताणल्यासारखी सगळी गाडी ताणली गेली. झोका लहान झाला. अजून लहान. मग थांबला.

हे सगळं सात-आठ सेकंदांत झालं असेल. मी गाडीचेच ब्रेक करकचून दाबले असते तर मागचं धूड आम्हाला ढकलत आडवं आलं असतं आणि हा लेख तुमच्या हाती पडला नसता.

पुढच्या एक्झिटला बाहेर पडून थांबलो. चिरंजीव ओकले. सौ. खाली उतरून त्या वाऱ्यात गवतावर जाऊन बसली. मी जवळ गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू मोजलं होतंस म्हणालास." माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी ट्रेलरच्या मागच्या बंपरवर हात ठेवला, एवढंच. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

धोक्याचे दिवे लावून पंचेचाळीसच्या वेगाने रॉलिन्स गाठलं. तिथे ट्रकवाल्यांच्या थांब्यावर काटा होता. उसाच्या गाड्यांचा असतो तसाच, फक्त त्याचे तीन भाग. एकावर गाडीची पुढची चाकं, दुसऱ्यावर मागची, तिसऱ्यावर ट्रेलरची. आधी जोडून वजन केलं, मग ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं. सगळं मिळून काही डॉलर पडले. हे मी घरून निघायच्या आधी करू शकलो असतो.

पावती बघून घाम फुटला. जिभेवरचा भार माझ्या हिशोबाने ५९० असायला हवा होता. प्रत्यक्षात होता ४६०. साडेसहा हजारांचे सात टक्के! जू मानेवरून उचललं गेलेलं. आणि तेवढ्या भारानेसुद्धा गाडीच्या पुढच्या चाकांवरचं २४० पौंड वजन काढून घेतलं होतं. ज्या चाकांनी गाडी वळते आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलते, तीच हलकी.

इथे गंमत समजून घेण्यासारखी आहे. गोळा मागच्या चाकांच्याही चार-पाच फूट मागे असतो. म्हणजे मागचा ॲक्सल हा तराजूचा मध्य. मागच्या टोकावर भार पडला की पुढचं टोक उचललं जाणारच. साध्या पाट्यांच्या गाडीत हे डोळ्यांना दिसतं. बूड बसतं, नाक वर होतं, हेडलाइट झाडांवर पडतात. कोणीही शेंबडं पोर सांगेल की गडबड आहे. एअर सस्पेन्शनचा सेन्सर मात्र उंची मोजतो. वजनाची वाटणी मोजत नाही. तो मागच्या फुग्यांत हवा भरून बूड वर उचलतो. पण ओझं घेतलेल्या हमालाने टाचा उंचावल्या म्हणून डोक्यावरचं ओझं कमी होत नाही. पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन हवेने परत येत नाही. फक्त ते गेलंय हे दिसेनासं होतं.

आणि झोक्यांचं म्हणाल तर तो साक्षात माझाच विषय! ओढलेल्या ट्रेलरला एक ठराविक वेग असतो. त्याच्या खाली झोका आपोआप विरतो, त्याच्या वर गेलात की प्रत्येक झोका वाढतच जातो. वजन मागे सरकलं की तो वेग खाली येतो. ह्या समीकरणांवर मी परीक्षा दिली होती, मार्कही चांगले मिळाले होते. अण्णांनी तेच एका शब्दात सांगितलं तर मी हसलो.

त्या संध्याकाळी रॉलिन्सच्या कॅम्पग्राउंडवर बापलेकांनी नव्याने गाडी भरली. मुकादम अण्णा, हमाल मी. पाण्याची टाकी पूर्ण रिकामी केली. तांदूळ, कणीक, डबे चाकांच्या बरोबर वर आणि थोडे पुढे. डिकीतलं शंभर पौंड सामान तिथेच. सायकली आतल्या जमिनीवर आडव्या. मग त्या दोन पोलादी दांड्या काढल्या. गाडीच्या हिचवर चिकटवलेलं लेबल मी त्या दिवशी प्रथमच नीट वाचलं. त्यावर दोन ओळी होत्या. दांड्यांशिवाय पाच हजार पौंड, दांड्या लावून सात हजार सातशे. म्हणजे विकणाऱ्याने सांगितलेला आकडा दुसऱ्या ओळीतला आणि सल्ला पहिल्या ओळीतला.

ह्या दांड्या ढकलगाडीच्या मुठींसारखं काम करतात. त्या ताणून बसवल्या की जोडावर वरच्या दिशेने पीळ बसतो आणि मागच्या ॲक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या चाकांकडे जातो. पण बसवताना गाडीचं आपोआप वर-खाली होणं बंद ठेवावं लागतं. नाहीतर तुम्ही दांडी ताणता, सेन्सर हवा सोडतो, तुम्ही पुन्हा ताणता, तो पुन्हा भरतो. सासू-सुनेच्या फोडणीसारखं, दोघींनी मीठ घालायचं आणि आमटी खारट! मॅन्युअलमध्ये त्याची पद्धत दिली होती. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची आधी मोजायची, ट्रेलर जोडून मोजायची, दांड्या ताणून पुन्हा मोजायची. ह्या वेळी खरंच मोजलं. फूटपट्टी अण्णांनी धरली.

सकाळी पुन्हा काट्यावर गेलो. जिभेवर आता अकरा टक्के. पुढच्या चाकांचं हरवलेलं वजन निम्म्याहून अधिक परत आलेलं. मागचा ॲक्सल मर्यादेत. अण्णांनी पावती हातात घेतली, चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, "आता बैल चालतील."

पण त्या आधीची रात्र सांगायची राहिली. रॉलिन्सचा वारा रात्रभर ट्रेलर हलवत होता. सगळे झोपले होते. मला झोप येत नव्हती. अंधारात अण्णाही उठून बसलेले दिसले. मी चहा केला. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

ते म्हणाले, "तुझं एकट्याचं न्हाई. भरताना प्रत्येकाला वाटतं, बसतंय सगळं."

मग बराच वेळ गप्प राहून, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "तुझी आई गेल्यापासून मी रात्रीचा जेवत नाही. एकट्यासाठी चूल पेटवायची नको वाटते. झोपही अशीच, दोन-तीन तास."

मी हादरलो. "अण्णा, मी दर रविवारी विचारतो. तुम्ही म्हणता, बरा आहे."

"फोनवर काय, बराच असतो माणूस."

एका वर्षाचे बावन्न रविवार. बावन्न वेळा मी पाणसळ ठेवली होती आणि बुडबुडा मध्ये बघून फोन ठेवला होता. आणि खरं सांगायचं तर मी तरी त्यांना काय सांगत होतो? त्याच वर्षी आमच्या ऑफिसात माणसं कमी केली होती. माझी नोकरी राहिली, पण तीन महिने मला झोप नव्हती. मीसुद्धा फोनवर "आम्ही मजेत" असंच म्हणत होतो. दोन्हीकडे कॉम्प्रेसर घुमत होते.

त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत बोललो. आईबद्दल, घराबद्दल, त्यांच्या गुडघ्यांबद्दल, माझ्या नोकरीबद्दल. आयुष्यात इतकं एकत्र कधी बोललो नव्हतो.

पुढचा प्रवास पंचावन्नच्या वेगाने झाला. सौ. दुसऱ्या दिवशी गाडीत बसली, पण अट घालून. वारा वाढला की थांबायचं आणि वेळापत्रक फाडून टाकायचं. मडी गॅप, लँडर, डुबॉय असं करत टोगोटीची खिंड चढलो. साडेनऊ हजार फुटांहून उंच. पलीकडे उतरताना एका वळणावर टीटनचे सुळके एकदम समोर उभे राहिले. अण्णांनी खिडकीची काच खाली केली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लहान गिअरमध्ये उतर. डोंगर पळून जात न्हाईत." जॅक्सन लेकच्या काठी पाच दिवस राहिलो. रोज रात्री अण्णा पोटभर जेवले.

घरी परतल्यावर मी मुलांना एक प्रयोग दाखवला. तुम्हीही करून बघा. बेसमेंटमधल्या ट्रेडमिलच्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी दोरीने धरून ठेवायची, तिला दोनचाकी ट्रेलर जोडायचा आणि त्यात एक जड नट ठेवायचा. नट पुढे असताना बोटाने टिचकी मारली तरी ट्रेलर सरळ होतो. नट मागे सरकवला की त्याच वेगाला शेपूट हलायला लागते आणि सगळं उलटतं. चिरंजीवांनी तो दहा वेळा उलटवला. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "हे तुला तिथं कॉलेजात शिकवलं?" मी म्हटलं, "शिकवलं होतं. समजलं आत्ता."

पुढच्या वर्षी तो ट्रेलर विकला आणि भरून साडेचार हजारांच्या आसपास होणारा लहान घेतला. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या कितीतरी जणांना आता हा रोग जडलेला दिसतो. त्यांना माझा अनाहूत सल्ला. जाहिरातीतल्या आकड्याआधी दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा आणि त्यातून आधी आपली माणसं वजा करा. हिचवरच्या लेबलाच्या दोन्ही ओळी वाचा. दांड्या लावायच्या की नाही हे गाडीच्या मॅन्युअलला विचारा. काही कंपन्या लावाच म्हणतात, काही लावूच नका म्हणतात, तिथे माझं किंवा विकणाऱ्याचं ऐकू नका. सगळं भरून, सगळ्यांना बसवून एकदा काट्यावर जा. आणि झोका सुरू झालाच तर रेस सोडा, सरळ धरा, खिट्टी ट्रेलरच्या ब्रेकची दाबा. गाडी लेव्हल दिसते ह्यावर मात्र भरवसा ठेवू नका. ती लेव्हल दिसण्यासाठीच बनवलेली आहे.

अण्णा परत गेले ते अजून गावीच आहेत. पंचाहत्तरी केव्हाच उलटली. इकडे कायमचं राहायला तयार नाहीत. संध्याकाळी शेजारच्या घरी जेवतात, ही व्यवस्था त्या सहलीनंतर केली. आम्ही ट्रेलर घेऊन कुठे निघालो की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "जू काय म्हणतंय?" मी आकडा सांगतो. बारा टक्के म्हटलं की "हं" म्हणतात.

आता रविवारी मीसुद्धा त्यांना "कसे आहात?" असं विचारत नाही. त्याचं उत्तर मला पाठ आहे. मी विचारतो, "अण्णा, जू काय म्हणतंय?"

पलीकडे थोडा वेळ शांतता असते. मग ते घसा खाकरतात आणि म्हणतात, "डावा गुडघा जरा धरलाय..." आणि मी खुर्ची ओढून नीट बसतो.